मुलगा एकटाच डॉक्टरांकडे का जातो?

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. दोन महिन्यांत तो आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तीनदा एकटाच जाऊन आला. विचारलं तर "काही नाही गं" म्हणतो. डॉक्टरांना फोन केला, तर तेही म्हणाले, "त्यालाच विचारा." इतक्या वर्षांच्या ओळखीत असं वागावं? आणि या वयात एवढं काय दुखणं असतं? (एक आई, सातारा)

उत्तर : डॉक्टर बरोबर वागले. मुलगा सज्ञान आहे; भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय घरच्यांनाही सांगता येत नाही. क्षयासारखा आजार आरोग्य यंत्रणेला कळवावा लागतो, पण तोही आईला नव्हे! हा भरवसा आहे म्हणूनच तो तिथे जातो. नाहीतर मेडिकलवाल्याला विचारून काहीतरी घेतलं असतं.

या वयातली मुलं सांगायला अ‍ॅसिडिटी सांगतात आणि उठता उठता खरं बोलतात. ते खरं बहुतेकदा जांघेतली खाज असते, म्हणजे गजकर्ण. लाजेपोटी आधी दुकानातून 'मिक्स' मलम आणलेलं असतं. त्यात स्टेरॉइड असतं, त्यामुळे दोन-चार दिवसांत खाज थांबते; बुरशी मात्र आत पसरत राहते. मलम बंद केलं की चट्टे दुपटीने उठतात, आणि महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. उपचार कंटाळवाणा आहे : साधं बुरशीविरोधी मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंमीपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे. चट्टे जास्त असतील तर पोटातून गोळ्या. मग एकाच दुखण्यासाठी तीन फेऱ्या होणारच. तुम्ही काही न विचारता एवढं करू शकता : त्याचा टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा, ओलसर जीन्स घालू देऊ नका. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकदमच करा, नाहीतर ती फिरत राहते.

दुसरं मोठं कारण छातीत धडधड. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून सगळं ठीक निघालं, तर प्रश्न झोपेचा, एनर्जी ड्रिंकचा किंवा परीक्षा-नोकरीच्या धास्तीचा असतो. ही धास्ती बोलायला 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र. रक्तदाब जास्त आला असेल तरीही वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजायला बोलावतात. बाकी नोकरीसाठी फिटनेस सर्टिफिकेट, केस गळणं, मुरुमं; त्यात काळजीचं काही नाही.

तुमचं लक्ष हवं ते इथे : वजन आपोआप उतरतंय, खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, थुंकीत रक्त दिसतंय, किंवा मुलगा बोलेनासा, जेवेनासा झालाय. अशा वेळी डॉक्टरांना जरूर कळवा. ते तुम्हाला सांगू शकत नाहीत, पण तुमचं ऐकू शकतात.

प्रश्न : डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळे होतात. नीट तपासावं म्हणून काय करू? (वय २४, नाशिक)

उत्तर : संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी ओपीडी उघडताच जा. मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगा, मग ती कधीपासून आहे ते. अंगावर पुरळ येऊन जात असेल तर फोटो काढून ठेवा. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, अर्धवट सोडलेल्या अँटिबायोटिकचंसुद्धा. तंबाखू, दारू, जिमची पावडर लपवू नका. आणि ताप असेल तर जाण्याआधी पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका. डेंग्यू निघाला तर आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.