मोरपिसात निळा रंग असतो का?

प्रश्न : माझी नात मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या मुलांच्या शिबिराला जाऊन आली. तिथे मोरपिसं, भुंगे, शिंपले हाताळायला दिले होते. तेव्हापासून घरी येईल-जाईल त्याला सांगते, ‘मोरपिसात निळा रंग नसतोच.’ आमच्या देवघरातलं पीस तर निळंशार आहे! तिचं खरं मानायचं का? आणि ही गोडी टिकावी म्हणून घरी काय करता येईल?
– एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, नातीचं खरं आहे. देवघरातलं पीस घेऊन दोघी खिडकीशी बसा. आधी खिडकीकडे पाठ करून बघा, डोळा निळा दिसेल. मग तेच पीस खिडकी आणि तुमचे डोळे यांच्यामध्ये धरा. उजेड आरपार आला की निळाई जाते आणि मळकट तपकिरी उरतो. पिसातला खरा रंग तो. मेलॅनिन त्याचं नाव. आपले केस काळे होतात तेही त्याच्यामुळेच.

मग निळा येतो कुठून? पिसाच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या कांड्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. दोन कांड्यांमधलं अंतर मिलिमीटरचा साधारण सहा-सात हजारावा भाग. या जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी काही एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना पुसून टाकतात. बळ मिळतं ते निळ्याला, म्हणून पीस निळं दिसतं. अंतर जरा वाढलं की निळ्याचा हिरवा होतो. पांढऱ्या मोराच्या पिसात मेलॅनिनच नसतं, म्हणून तो पांढरा.

शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता सुट्टीत गल्लीतली मुलं माझ्या ओट्यावर जमतात. त्यांचा सगळ्यात लाडका प्रयोग सांगते. परातीत पाणी घ्या, तळाशी काळा कागद बुडवून ठेवा. पंखा बंद करा, नाहीतर पाणी हलतं. बिनरंगी नेलपॉलिशचा एकच थेंब पाण्यावर सोडा. तो झरकन पसरतो, साय धरल्यासारखा. आता कागद दोन कोपऱ्यांना धरून अलगद वर उचला, म्हणजे साय त्यावर बसेल. वाळला की तिरपा करून बघा: जांभळा, सोनेरी, हिरवा, कागद हलेल तसे रंग सरकतात. बाटलीतलं पॉलिश मात्र पाण्यासारखं स्वच्छ! हा रंग त्या पातळ थराच्या जाडीतून येतो. नातीला हाच प्रयोग पांढऱ्या कागदावरही करू द्या. रंग जवळजवळ दिसणार नाहीत, आणि मोराला ते तपकिरी मेलॅनिन कशाला लागतं हे तिचं तिलाच कळेल.

घरात धूपछाव पैठणी असेल तर तीही काढा. येवल्याचे विणकर उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या रंगाचे घेतात, म्हणून पदर हलला की छटा पालटते. पण तिथे रंग धाग्यात मुरलेला असतो. पैठणी आणि मोरपीस शेजारी ठेवून हा फरक बोलून घ्या.

गोदाकाठी वाळूत शिंपली सापडली तर तिची आतली बाजू उन्हात फिरवून बघा. तिथल्या मोतिया झळाळीवर सी. व्ही. रामन यांनी मन लावून संशोधन केलं होतं.

आणि सकाळी जास्वंदीवर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचा नर येतो, सावलीत काळाकुट्ट. मान वळवून उन्हात आला की जांभळा चमकतो. नातीला तेवढा वेळ हलू देऊ नका, लगेच उडतो.