‘ऑल्वेज’ची जागा आणि ‘ली’चं अंग

प्रश्न असा आहे: इंग्रजीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं असं शिकवतात. मग ‘शी ऑल्वेज कम्स लेट’ बरोबर आणि ‘शी ऑल्वेज इज लेट’ चूक, असं का? आणि ‘ओन्ली’ नेमका कुठे ठेवायचा?

शिकवलेला नियमच अर्धवट आहे. ‘क्रियापदाच्या आधी’ असं नसून ‘पहिल्या साहाय्यक क्रियापदाच्या मागोमाग’ असं म्हणायला हवं. वाक्य नकारार्थी करून पाहा. ‘नॉट’ जिथे बसतो तीच ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ची जागा. ‘शी इज नॉट लेट’, म्हणून ‘शी इज ऑल्वेज लेट’. ‘इट शुड नॉट हॅव बीन ओपन’, म्हणून ‘इट शुड ऑल्वेज हॅव बीन ओपन’. साहाय्यक दिसत नसेल तर मनातल्या मनात ‘डज’ घाला: ‘शी डज नॉट कम’, ‘शी डज ऑल्वेज कम’. मग ‘डज’ काढून घ्या, क्रियापदाला त्याचा ‘स’ परत द्या, झालं ‘शी ऑल्वेज कम्स’. ‘हॅव टू’ दिसतो साहाय्यकासारखा, पण त्याचा नकार ‘डोन्ट हॅव टू’ होतो, म्हणून ‘आय ऑल्वेज हॅव टू वेट’.

असं का? पूर्वी इंग्रजीत सगळीच क्रियापदं ‘नॉट’च्या आधी उडी मारत. ‘आय नो नॉट’ हे एके काळी रोजचं इंग्रजी होतं. पुढे ‘डू’ने नकाराचं काम हाती घेतलं आणि साधी क्रियापदं ‘नॉट’नंतरच थांबली. उडी मारण्याचा जुना मान उरला तो ‘बी’ आणि इतर साहाय्यकांकडे.

गळती दोन ठिकाणी होते. ‘प्रॉबेबली’, ‘सर्टनली’ हे आखडलेल्या नकाराच्या आधी येतात: ‘ही प्रॉबेबली वोन्ट कम’. आणि वाक्य क्रियापदावरच संपत असेल तर क्रियाविशेषण अलीकडे सरकतं: ‘येस, शी ऑल्वेज इज.’ म्हणजे तुमचं चुकीचं वाक्य ‘इज’वर थांबवलंत तर बरोबर!

‘वेल’, ‘फास्ट’, ‘अर्ली’ मात्र या जागेत बसत नाहीत, ते शेवटी जातात. ‘ही वेल सिंग्ज’ हे ‘तो छान गातो’चं सोंग आहे. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्येही इंग्रजी कुणाला घुसू देत नाही, म्हणून ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ कानाला खुपतं.

आता ‘ओन्ली’. ‘ही ओन्ली टोल्ड मी’ हे ‘त्यानेच मला सांगितलं’ या अर्थी रोज ऐकू येतं आणि रोज चिडचिड होते. आपला ‘च’ शब्दाच्या पाठीला चिकटतो, ‘ओन्ली’ची नजर बहुधा पुढे असते. त्यामुळे इंग्रजाला त्या वाक्यातून ‘नुसतं सांगितलं’ किंवा ‘फक्त मला सांगितलं’ एवढंच कळतं. ‘त्यानेच’ हवं असेल तर ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’ म्हणा. ‘ओन्ली ही टोल्ड मी’ म्हणजे त्याने एकट्याने, बाकी कुणीच नाही. तोही ‘च’ नव्हे. दुसऱ्या टोकाला, ‘आय ओन्ली सॉ टू’ला चूक ठरवून ‘आय सॉ ओन्ली टू’ करायला लावणारे आहेत. त्यांची हजेरी इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच घेतली आहे. बोलताना आघात ‘टू’वर, म्हणजे ‘दोन’वर, पडतो आणि अर्थ ठरतो. करारात किंवा सूचनेत आघात ऐकू येत नाही, तिथे ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाला खेटून लिहा.

पण या शब्दाची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. जुन्या इंग्रजीत ‘लिक’ म्हणजे शरीर, आणि क्रियाविशेषणांच्या शेवटचा ‘ली’ त्याचाच उरलेला तुकडा. ‘ओन्ली’ म्हणजे ‘वन’ अधिक ‘लिक’, अक्षरशः एकांगी! जर्मनमध्ये तोच शब्द ‘लाइखे’ होऊन प्रेतापुरता उरला. इंग्लंडमध्ये चर्चच्या ज्या छपरी फाटकाशी प्रेत टेकवत ते ‘लिचगेट’. ‘लाइक’ म्हणजे ‘सारखा’ हाही त्याच कुळातला, ‘समान अंगाचा’. ‘सच’ म्हणजे ‘सो’ अधिक ‘लिक’, आणि ‘विच’ म्हणजे ‘हू’ अधिक ‘लिक’. आता संस्कृतकडे वळा: तादृश, कीदृश. तिथे अंगाऐवजी ‘दृश्’, म्हणजे दिसणं. त्यांतूनच घासत घासत आपले ‘तसा’ आणि ‘कसा’ आले, आणि ‘सदृक्ष’मधून ‘सारखा’. ‘विच’ आणि ‘कसा’ यांची सुतारकी एकच, आणि पहिला तुकडा तर सख्खा भाऊ.

क्रियाविशेषण घडवण्याच्या याच कामाला फ्रेंचांनी शरीराऐवजी मन जुंपलं. त्यांचा ‘माँ’ हा प्रत्यय लॅटिन ‘मेन्ते’, म्हणजे ‘मनाने’, यातून आला. आपण धरला भाव: ‘शांतपणे’ हा ‘शांतपण’चा सरळसरळ तृतीयान्त. तीन भाषा आणि क्रियाविशेषणाची तीन बिऱ्हाडं, देह, मन आणि भाव.

माझं मत असं की ‘ली’चं हे ‘अंग’ क्रियापदानंतर असतं तोवर अंगात असतं, आधी आलं की झडतं. ‘शी स्पोक वाइजली’ म्हणजे शहाणपणाने बोलली, इथे बोलण्याची रीत कळते. ‘शी वाइजली सेड नथिंग’ म्हणजे गप्प राहिली हेच शहाणपण. इथे रीत नाही, तुमचा शेरा आहे. याची टोकाची अवस्था म्हणजे ‘हार्डली’. ‘हार्ड’ला पूर्वी क्रियाविशेषण करणारा शेवटचा ‘ए’ होता. तो गळाला आणि ‘हार्ड’ विशेषणासारखाच दिसू लागला. ‘हार्डली’चाही अर्थ एके काळी जोरात, कठोरपणे असाच होता. क्रियापदाच्या आधी बसून बसून त्याचा ‘जेमतेम’ झाला. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे राबतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे काम करतच नाही म्हटलं तरी चालेल. कौतुक म्हणून ‘ही वर्क्स हार्डली’ लिहू नका. मराठीत ‘सरळ’चंही हेच झालं: ‘सरळ चालला’मध्ये रेषा आहे, ‘सरळ निघून गेला’मध्ये रेषा कुठे आहे? फक्त आपण ते जागेने दाखवत नाही, सुराने दाखवतो.

व्याकरणाच्या पंतोजींना हे कधी दिसलं नाही. कँटरबरीचे डीन हेन्री ऑल्फर्ड यांनी १८६४ मध्ये ‘टू गो’सारख्या रूपातला ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्याला हरकत घेतली. लोक तर चौदाव्या शतकापासून ते घालत होते! या सोवळ्याची सावली पुढे ‘विल’ आणि क्रियापदाच्या मधल्या जागेवरही पडली. २० जानेवारी २००९ रोजी अमेरिकेचे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ओबामांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ देताना ‘फेथफुली’ उचलून वाक्याच्या शेवटी नेला. भाषेचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी खापर या सोवळ्यावरच फोडलं. मला ते पटत नाही. रॉबर्ट्स समोर कागद न धरता सांगत होते, आणि रीत सांगणारा शब्द शेवटाकडे घसरणं हा इंग्रजी जिभेचा उतारच आहे. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा झाली, या वेळी १७८७ च्या राज्यघटनेतल्या मसुद्याप्रमाणे: ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’. ‘विल’नंतर, ‘एक्झिक्यूट’च्या आधी, जिथे ‘नॉट’ बसला असता तिथेच.