नगरपालिका स्वतःचं ब्रॉडबँड नेटवर्क उभारते तेव्हा पैसा कुठून येतो, आणि काही नेटवर्क्स बुडतात ती कशामुळे?

तुम्ही विचारलंय की काही शहरांनी स्वतःचं फायबर, म्हणजे वेगवान इंटरनेट नेणारी काचतंतूंची तार, टाकलं आणि ते झकास चाललं, काहींना मात्र कवडीमोलाने विकावं लागलं. हा फरक तंत्रज्ञानामुळे पडतो की कारभारामुळे? दोन्ही थोडे थोडे जबाबदार असतात, पण माझ्या मते खरा गुन्हेगार वेळापत्रक आहे. कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून चढायला लागतं आणि पुरेसे ग्राहक तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात. मधली वर्षं कुणाच्या खिशातून काढायची, हे ज्यांनी खोदाईआधी ठरवलं होतं ते बहुतेक तरले.

मी सार्वजनिक प्रकल्पांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. एका प्रस्तावात पहिल्या वर्षाअखेर ६० टक्के घरं जोडलेली दाखवली होती. एवढी कशी येतील, असं विचारलं तर सल्लागार अगदी निरागसपणे म्हणाला, "त्याखाली धरलं तर हप्ता बसत नाही हो." म्हणजे ग्राहकांवरून हप्ता ठरवण्याऐवजी हप्त्यावरून ग्राहक ठरवले होते! तेव्हापासून असं कोणतंही कोष्टक हातात आलं की मी आधी जोडण्यांची ओळ बघतो, बाकीचं नंतर.

त्या ओळीत एवढं काय आहे, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा एका घरासमोरून तार नेण्याचा खर्च १०० आहे आणि रस्त्यावरून घरात आणण्याचा आणखी ६०. ते १०० प्रत्येक घरामागे जातातच, कुणी जोडणी घेवो वा न घेवो. ६० फक्त घेणाऱ्यामागे. आता पाचातल्या एकाच घराने जोडणी घेतली तर त्या ग्राहकाच्या डोक्यावर ५०० अधिक ६०, म्हणजे ५६० चा भार येतो. दोघांनी घेतली तर प्रत्येकी ३१०. तिघांनी घेतली तर सुमारे २२७. २० टक्क्यांवरून ४० वर जाताना भार २५० ने उतरतो. ४० वरून ६० वर जाताना जेमतेम ८३ ने. नेटवर्कचं नशीब त्या पहिल्या पट्ट्यातच ठरतं, आणि नेमका तोच चढ सगळ्यात रेंगाळत चढला जातो. लोकांचे जुन्या कंपनीशी करार असतात, बदलायचा कंटाळा असतो, आणि जुनी कंपनीही हातावर हात ठेवून बसत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या माँटिसेलोचं हेच झालं. २००७ मध्ये तिथल्या मतदारांनी भरघोस मतांनी नगरपालिकेच्या फायबरला होकार दिला. २००८ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरचे महसुली रोखे, म्हणजे फक्त नेटवर्कच्या कमाईतून फेडायचं कर्ज, विकले गेले. तिथल्या टेलिफोन कंपनीने दावा ठोकला, आणि तो चालू असताना स्वतःचंच फायबर टाकून घेतलं. दावा शहराने जिंकला, पण तोवर घोडं पुढे निघून गेलं होतं. नंतर केबल कंपनीनेही दर पाडले. २०१२ मध्ये शहराने तूट भरून देणं थांबवलं आणि रोखेधारकांना शेवटी मूळ रकमेचा लहानसा वाटाच मिळाला. नेटवर्क तांत्रिकदृष्ट्या ठणठणीत होतं! आणि मतपेटीत 'हो' म्हणणारा माणूस उद्या ग्राहक होईलच असं नाही, हेही तिथे कळलं. कधी कधी तो 'हो' म्हणतो ते जुन्या कंपनीने दर कमी करावेत म्हणून. ते झालं की त्याचं काम झालं.

व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनची गोष्ट मला जास्त बोचते. तिथेही सुरुवातीची तूट आली, जी येणारच होती. पण ती उघडपणे अंदाजपत्रकात दाखवण्याऐवजी शहराच्या सामाईक रोकड खात्यातून भरली जात राहिली. २००९ मध्ये हा आकडा सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर असल्याचं बाहेर आलं. शहराची पत घसरली, उपकरणांना पैसा पुरवणाऱ्या बँकेने दावा केला, तडजोड व्हायला २०१४ उजाडलं, आणि नंतर नेटवर्क विकलं गेलं. नुसती तूट शहराने पचवली असती. ती झाकली गेल्यामुळे लोकांचा विश्वास उडाला आणि पुढचं कर्जही महागलं.

आता पैसा कुठून येतो. ढोबळमानाने कर्जाचे दोन प्रकार. एकात परतफेड फक्त नेटवर्कच्या कमाईतून. हे महसुली रोखे. यात धोका रोखेधारकाचा, म्हणून व्याज जास्त. दुसऱ्यात शहर आपल्या करांचं किंवा दुसऱ्या एखाद्या उत्पन्नाचं तारण देतं; व्याज कमी, पण धोका सगळ्या रहिवाशांचा, जोडणी न घेतलेल्यांचासुद्धा. यूटामधल्या प्रोव्हो शहराने दुसरी वाट धरली. सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरचं कर्ज काढून नेटवर्क बांधलं. त्यात राज्याच्या कायद्यामुळे शहराला थेट ग्राहकांना सेवा विकता येत नव्हती, घाऊक विक्रीच करावी लागत होती. २००८ मध्ये ते एका खासगी कंपनीला विकलं, ती टिकली नाही, नेटवर्क परत शहराच्या गळ्यात पडलं, आणि २०१३ मध्ये ते गूगलला १ डॉलरला दिलं गेलं. कर्ज मात्र शहराकडेच राहिलं. रहिवासी पुढची कित्येक वर्षं आपल्या बिलातून दरमहा ५.३५ डॉलर त्याच्यासाठी भरत होते.

एक डॉलरचा हा किस्सा महापालिकांच्या नेटवर्कविरोधी प्रत्येक भाषणात येतो. तो खोटा नाही, पण त्यातून "शहरांना हे जमत नाही" एवढंच शिकणं आळशीपणाचं आहे. ज्याच्या हातात ग्राहक नाही त्याच्या गळ्यात सगळं कर्ज बांधलं होतं, हे त्यात जास्त महत्त्वाचं.

कर्जाबाबत दोन बारकावे, जे प्रस्तावांत हमखास राहून जातात. एक, बांधकामाच्या आणि सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांचं व्याजसुद्धा कर्जाच्या रकमेतच धरावं लागतं. कर्ज फुगलेलं दिसतं म्हणून पदाधिकारी ते कापायला सांगतात, आणि मग बर्लिंग्टनसारखी वेळ येते. दोन, जमिनीतली तार २५-३० वर्षं सहज चालते, पण दोन टोकांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सात ते दहा वर्षांत बदलावी लागतात. सगळं एकत्र करून २५ वर्षांच्या कर्जात घातलं की भंगारात गेलेल्या यंत्रांचे हप्ते भरत बसावं लागतं. उपकरणांसाठी वेगळं, लहान मुदतीचं कर्ज आणि वेगळा घसारा निधी, म्हणजे पुढच्या बदलीसाठी बाजूला ठेवलेला पैसा, हवा.

मग जमलं कुणाला? टेनेसीतल्या चॅटनूगाचं नाव सगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. पण तिथे नेटवर्क काढलं ते शहराच्या मालकीच्या वीज मंडळाने. त्याला वीजपुरवठा सुधारायचा होता. कुठे विजेची तार तुटली की त्या भागाला आपोआप वगळून बाकीच्यांना वीज देणारे स्विच बसवायचे होते, आणि त्या स्विचना जोडायला फायबर लागणारच होतं. म्हणजे पहिला मोठा ग्राहक घरातलाच. शिवाय केंद्र सरकारकडून ११ कोटी डॉलरच्या वर अनुदान मिळालं, तेही वीजजाळ्यासाठी. खांब स्वतःचे, बिलं पाठवायची यंत्रणा तयार, दुरुस्तीच्या गाड्या तयार. २०१० मध्ये त्यांनी सगळ्या ग्राहकांना सेकंदाला १ गिगाबिट वेगाची इंटरनेट सेवा देऊ केली तेव्हा जगभर कौतुक झालं. ज्या शहराकडे स्वतःची वीज कंपनी नाही त्याने चॅटनूगाचं कोष्टक उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणं.

अशा शहरासाठी मला स्टॉकहोमची वाट जास्त पटते. १९९४ मध्ये तिथे शहराच्या मालकीची स्टोकाब नावाची कंपनी निघाली. ती इंटरनेट विकत नाही. ती जमिनीत नुसती तार टाकते आणि ती तार, डार्क फायबर म्हणतात ती, कंपन्यांना भाड्याने देते. तारेतून प्रकाश सोडणारी उपकरणं लावायची, ग्राहक शोधायचे, तक्रारी ऐकायच्या, हे सगळं भाडेकरूंचं काम. शहराकडे राहतो तो संथ, कंटाळवाणा, दीर्घ मुदतीचा धंदा, जो रस्ते आणि जलवाहिन्या सांभाळणाऱ्यांना जमतो. मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर या छोट्या शहराने याचीच एक सुधारित आवृत्ती काढली: तारा शहराच्या, सेवा एका खासगी कंपनीची, आणि ती कंपनी शहराला दोन प्रकारे पैसे देते. जितक्या घरांसमोरून तार गेली त्या प्रत्येकामागे थोडे, आणि जितके ग्राहक मिळाले त्या प्रत्येकामागे आणखी. पहिली रक्कम ग्राहक येवोत न येवोत मिळतेच. वर मांडलेल्या १०० आणि ६० च्या गणिताला दिलेलं हे सरळ उत्तर आहे.

अगदी छोट्या वस्त्यांची गोष्ट निराळी, आणि मला विचाराल तर जास्त रंजक. मॅसॅच्युसेट्समधल्या लेव्हरेट गावात जेमतेम दोन हजार माणसं. २०१२ मध्ये ग्रामसभेने ३६ लाख डॉलरचं कर्ज काढायला मंजुरी दिली, परतफेडीचा भार मालमत्ता करावर. एवढ्या लहान गावात प्रत्येकाला आपल्या घरामागे किती पडणार हे माहीत होतं, म्हणून वाद स्वच्छ झाला. आयडाहोतल्या अ‍ॅमनने उलट केलं: ज्यांना हवं त्याच घरांवर खर्च टाकला, एकरकमी किंवा वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत. उत्तर इंग्लंडमधल्या लँकाशायरमध्ये तर नगरपालिकेची वाटही पाहिली नाही. २०११ मध्ये बी-फोर-आर-एन ही लोकसंस्था निघाली, गावकऱ्यांनी भाग विकत घेतले, शेतकऱ्यांनी शेतातून तार न्यायला फुकट परवानगी दिली आणि बरीचशी खोदाई स्वतःच केली. खोदाईचा खर्च एकूण खर्चाचा मोठा हिस्सा असतो. तो श्रमदानात गेला की कर्जाचा डोंगर टेकडी होतो.

खोदाईवरून आठवलं. नियोजनाच्या बैठकीत गिगाबिटवर तासभर चर्चा होते आणि खांबांवर पाच मिनिटं. उलट हवं. खांब दुसऱ्याचा असेल तर परवानगी, तपासणी, आधीच्या तारा सरकवणं, यात महिनोन् महिने जातात. केंटकी राज्याच्या 'केंटकीवायर्ड' प्रकल्पात खांबांच्या परवानग्या रखडल्या, राज्याला विलंबापोटी खासगी भागीदाराला भरपाई द्यावी लागली, आणि सुरुवातीला ३ कोटी डॉलरचा म्हणून सांगितलेला सरकारी भार ३० वर्षांत १५० कोटींपर्यंत जाईल असं २०१८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी सांगितलं. यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे रस्ता किंवा जलवाहिनी यांसाठी जेव्हा केव्हा खणाल तेव्हा रिकामी नळी टाकून ठेवणं. लगेच फायबर नको. नळी पुरे. कोलोरॅडोतल्या लाँगमाँटने तर १९९७ मध्येच शहराभोवती फायबरचंच कडं टाकून ठेवलं होतं. घरोघरी जायची वेळ आली ती २०१३ नंतर.

कायदा आधी वाचा, एवढं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी शहरांवर बंधनं घातली. कोलोरॅडोत २००५ पासून जनमत घेणं सक्तीचं होतं, ते २०२३ मध्ये रद्द झालं. युरोपात प्रश्न सरकारी मदतीचा येतो, म्हणजे सरकारी पैशाने खासगी कंपन्यांशी होणारी स्पर्धा बिघडते का याचा. नेदरलँड्सच्या आपिंगेडाम शहराची योजना २००६ मध्ये युरोपीय आयोगाने अडवली. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमची मंजूर केली, कारण शहराने खासगी गुंतवणूकदारांच्या बरोबरीने, त्यांच्याच अटींवर पैसे घातले होते.

राहिला मूळ प्रश्न: ग्राहक लवकर कसे आणायचे? लाँगमाँटने एक नामी युक्ती केली. तार दारात आल्यापासून तीन महिन्यांत जो नाव नोंदवेल त्याला १ गिगाबिटचा खास कमी दर कायमचा. लोकांनी रांगा लावल्या, आणि अंदाजापेक्षा लवकर जोडण्या भरल्या. गूगलने २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत आणखी कडक केलं: वस्तीतल्या पुरेशा घरांनी १० डॉलर भरून आधी नाव नोंदवलं तरच तिथे तार. हिशेबाला हे उत्तम. पण गरीब वस्त्या मागे पडायला लागल्या आणि स्वयंसेवकांना दारोदार फिरून नोंदणी करून घ्यावी लागली.

सार्वजनिक पैशाने टाकलेल्या नेटवर्कला ही चाळणी जशीच्या तशी वापरता येत नाही. मी वाचलेल्या प्रस्तावांत यावर एकच तोडगा मला बरा वाटला होता: अशा वस्त्यांची तूट एकूण आकड्यात न मिसळता पहिल्याच वर्षी वेगळ्या ओळीत, अनुदान म्हणून, वस्तीच्या नावानिशी लिहिणं. चौथ्या वर्षी सभागृहात कुणी "इथे तोटा का?" असं विचारलं की तोच जुना कागद पुढे करता येतो.