एकट्याने गोतावळ्याकडे निघताना

खामगावहून अकोला, अमरावती, वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूर असे करीत गडचिरोलीपर्यंत मामा, आत्या आणि जुने वर्गमित्र मोटारसायकलवर एकट्याने गाठण्याचा तुम्ही कळवलेला बेत चांगला आहे. मात्र समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नसल्याने मोटारसायकलीचा हिशेब जुन्या रस्त्यांनीच करावा. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी.

खरी अडचण रस्त्याची नसून पाहुणचाराची असते. आत्याकडे दुपारी पाटोडी-भाकरीचे भरपेट जेवण झाल्यावर लगेच गाडी काढण्याची चूक मी एकदा केली आणि वरोऱ्याच्या अलीकडे डुलकी लागून थेट कच्च्या रस्त्यावर उतरलो. तेव्हापासून जेवणानंतर तासभर ओसरीवर आडवे झाल्याशिवाय मी निघत नाही. लोक हसतात, हसू द्यावे. म्हणूनच दिवसाला दोनच घरे ठेवावीत.

दिवाळीनंतर कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेल्या बैलगाड्या आणि मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आणि चंद्रपूर-मूल रस्त्याला जंगलातून रोही (नीलगाई), रानडुकरे आडवी येतात. तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा. पुढच्या घरी निघाल्याची वेळ फोनवर कळवावी, पोहोचण्याची सांगू नये, नाहीतर स्वयंपाक खोळंबतो.