कारखान्याची हवा, आपली छाती : वाचकांचे प्रश्न

या अंकात चार पत्रं घेतली आहेत : दोन कोल्हापूरच्या फाउंड्रीपट्ट्यातली, एक डोंबिवलीचं, एक चंद्रपूरचं. पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरांनी आणि कारखान्यांतली हवा मोजणाऱ्या अभियंत्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर शिरोलीला एका फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला) आहेत, चौदा वर्षं झाली. वर्षभर कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. एक्स-रेत डाग दिसले म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत टीबी निघाला नव्हता. पाच महिने झाले, फरक नाही. त्यांचे कामाचे कपडे मी घरीच धुते. चार वर्षांची मुलगी आहे. आम्हाला काही होईल का?
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, गोळ्या मनाने बंद करू नका. टीबी असेल आणि औषध अर्धवट सुटलं, तर तो पुढे औषधांना दाद देत नाही. पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हा सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, तर नाही ना?

ओतकामाच्या साच्याची वाळू म्हणजे बहुतांशी सिलिका. साचा फोडताना आणि कास्टिंगला भाजून चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना तिचा भुगा होतो. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. या भुग्यातले ५ मायक्रॉनहून बारीक कण नाकात किंवा श्वासनळीत न अडकता थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. वर्षानुवर्षं हे चालून तिथे वण पडतात आणि बारीक गाठी होतात. या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि टीबीचे डागही तिथेच असतात, म्हणून एक्स-रेवर गल्लत होते. भर म्हणजे सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.

म्हणून थुंकीची सीबीनॅट तपासणी (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) दोन्ही करून घ्या. जुने एक्स-रे शोधा, कामावर लागतानाचा मिळाला तर फारच उत्तम. टीबीचा डाग औषधाने काही महिन्यांत कमी होत जातो, सिलिकोसिसच्या गाठी जागच्या हलत नाहीत. फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करायला सांगा.

सगळ्यांत उपयोगी पडेल तो तुम्ही घरी लिहिलेला कागद. कोणत्या वर्षापासून कोणत्या खात्यात, हातात कोणतं हत्यार, पाळी किती तासांची, ओव्हरटाइम किती, शेजारी नॉकआउट (साचा फोडणं) किंवा शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने साफसफाई) होतं का, तोंडाला काय बांधत होते, हे सगळं त्यात हवं. केसपेपरवर "नोकरी : हेल्पर" एवढंच लिहिलेलं असेल तर छातीच्या निष्णात डॉक्टरलाही सिलिकोसिस सुचणार नाही. ही चूक आम्हाला वारंवार दिसते आणि तिची किंमत कामगार मोजतो.

निदान झालं तर ते लेखी घ्या. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. वैद्यकीय मंडळ फुप्फुसाची हानी किती ते ठरवतं आणि त्यानुसार लाभ मिळतो. ईएसआय कापलंच जात नसेल तर मालकाकडे नुकसानभरपाईचा दावा करता येतो. पूर्वी तो १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली होता, आता याच संहितेखाली आहे. असा आजार आढळला की डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना कळवायचं, हे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यानेच घातलं. आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, ईएसआय कार्ड जपून ठेवा. ठेकेदार बदलला की "हा माणूस आमच्याकडे नव्हताच" असं ऐकावं लागतं.

पडलेला वण पुसला जात नाही. पण धुळीतून बाहेर काढलं, बिडी-सिगारेट सुटली, तर पुढची हानी मंदावू शकते. खातं बदलून मागा.

कपड्यांबद्दल. कपडे दारात झटकू नका. पिशवीतून थेट बादलीतल्या पाण्यात टाका, अर्धा तास भिजू द्या, मग इतर कपड्यांपासून वेगळे धुवा. कपड्यांवरून घरात येणाऱ्या सिलिकेचं प्रमाण कामावरच्या मानाने फार थोडं असतं. मात्र त्या फाउंड्रीत शिसं असलेलं पितळ किंवा गनमेटल ओतत असतील तर मुलीच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही बाधते. खरं तर कपडे कारखान्यातच बदलण्याची सोय हवी. तिथून आंघोळ करूनच घरी यायला हवं.

प्रश्न : मी फाउंड्रीत सुपरवायझर आहे. भिंतीला तीन मोठे एक्झॉस्ट पंखे लावलेत, मुलांना मास्क देतो, रोज गूळही वाटतो. तरी शेडमध्ये धूळ असतेच. काय चुकतंय?
— गोकुळ शिरगाव

उत्तर : गुळापासून सुरुवात करू, कारण त्यावर फार लोकांचा भरवसा आहे. गूळ जातो अन्ननलिकेत, धूळ गेलेली असते वायुकोशांत. दोघांची गाठ पडत नाही. गोड खाऊन घसा ओला होतो, खवखव थांबते आणि धूळ निघाली असं वाटतं. पेंटशॉपमध्ये वाटतात त्या दुधाचंही तेच. गूळ-दूध जरूर द्या, अन्न म्हणून द्या, पण सुरक्षेच्या खर्चात ते धरू नका.

भिंतीवरचा पंखा धूळ ओढतो, पण ग्राइंडरपासून भिंतीपर्यंत येताना ती वाटेतल्या प्रत्येकाच्या नाकासमोरून येते. धूळ उठते तिथेच धरायला हवी. शोषण नळीच्या उघड्या तोंडापासून तिच्या व्यासाइतकं दूर गेलं की हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर येतो. सहा इंची नळी कामापासून दीड फुटावर टांगली असेल तर ती शोभेची आहे. हूड, म्हणजे शोषण नळीच्या तोंडावरचं झाकण, कामाला जवळजवळ चिकटलेला आणि तीन बाजूंनी बंद हवा, ठिणग्या ज्या दिशेने उडतात तिकडे त्याचं तोंड हवं. कामगाराचं डोकं हूड आणि कास्टिंगच्या मध्ये येता कामा नये. हूडपुढच्या डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटर ठेवा. त्याखाली गेला की वाळू आडव्या नळीत बसते, नळी अर्धी भरते, शोषण मरतं. तुमच्याकडे जुना डक्ट असेल तर हातोडीने ठोकून बघा, भरलेला भाग बद्द वाजतो.

बॅग फिल्टरला (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांना) मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक, असेलच. कामाच्या वेळी साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाण्याचा दाबफरक दिसावा. काटा चढत गेला तर पिशव्या चोंदल्यात. एकदम शून्याकडे आला तर पिशवी फाटली आहे आणि धूळ परत बाहेर पडते आहे.

मग कोरडा झाडू. पाळी संपताना शेड झाडतात तेव्हा दिवसभर खाली बसलेली सगळ्यांत बारीक धूळ पुन्हा वर येते. पाणी शिंपडून झाडा, हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळही धरणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम असेल तर आणखी चांगलं. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं आजच बंद करा.

मास्क कोणता देता ते पत्रात नाही. रुमाल, गमछा, कापडी किंवा सर्जिकल मास्क या धुळीपुढे निरुपयोगी. आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी २ किंवा त्याच्या बरोबरीचा एन ९५ हवा. दाढी असली की कडेने हवा आत येते, मग मास्क कितीही महाग असो. लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात फुंकायचं, गालाशी वारा लागला तर पट्टी पुन्हा बसवायची.

खात्री करायची सोपी रीत आहे. रात्रपाळीत दिवे थोडे मंद करा, प्रखर टॉर्च ग्राइंडरच्या पलीकडे, झोत तुमच्या दिशेने येईल असा ठेवा आणि दिव्यावर हाताची सावली धरून झोताच्या कडेकडेने बघा. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत कामगाराच्या तोंडापाशी घुमणारा पांढरा ढग दिसेल. तो मालकांनाही दाखवा. प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा लवकर पटतं.

प्रश्न : आम्ही डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात राहतो. थंडीत रात्री अकरानंतर कधी कुजक्या अंड्यांचा, कधी थिनरचा वास येतो, डोळे चुरचुरतात. ॲपवर मात्र एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ९०, म्हणजे "समाधानकारक". आम्हाला भास होतोय का?

उत्तर : भास नाही. एक्यूआयमध्ये आठच गोष्टी धरतात : पीएम १० आणि पीएम २.५ (१० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. तुम्हाला येणारे वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आणि टोल्यूइन-झायलीनसारखी द्रावकं, या यादीतच नाहीत. बेंझीनला २००९ च्या राष्ट्रीय मानकांत वर्षाच्या सरासरीची ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, पण तेही एक्यूआयमध्ये येत नाही. शिवाय धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा असतो, त्यात तासाभराची घटना विरून जाते.

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं. दुपारी वर निघून गेलं असतं ते तुमच्या खिडकीशी थांबतं. रात्री मुद्दाम काही सोडलं जातं का, हे नोंदींवरूनच कळेल. म्हणून वही करा. तारीख, वास सुरू आणि बंद झाल्याची वेळ, वास कसा, कोणाला काय झालं आणि वारा कुठून येतो, हे लिहा. गच्चीवर उदबत्ती लावली की वाऱ्याची दिशा कळते. पाच-सात इमारतींनी एकमेकांना न विचारता अशी नोंद ठेवली आणि महिन्याने नकाशावर वाऱ्याच्या रेषा उलट दिशेने ओढल्या, तर त्या दोन-तीन जागांवर येऊन मिळतात. हा नकाशा जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात तक्रार द्या. वास येत असतानाच हवेचा नमुना घ्यावा, अशी लेखी मागणी करा. संबंधित कारखान्यांची संमतीपत्रंही मागा. कोणत्या धुराड्यातून काय आणि किती सोडायची परवानगी आहे ते त्यांत असतं.

आणखी एक, विशेषतः कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी. हायड्रोजन सल्फाइडचा वास फार थोड्या मात्रेतही येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाक बधिर होतं. सांडपाण्याच्या टाकीत "वास गेला" म्हणजे हवा शुद्ध झाली असं नव्हे. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बाहेरून हवा पुरवणारं साधन आणि कमरेला दोर असल्याशिवाय कोणीही उतरू नये. काडतुसाचा (गाळणी लावलेला) मास्क तिथे चालत नाही.

मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट डोंबिवलीने सोसले आहेत. झगमगाट दिसला की खिडकीशी बघायला जाऊ नका, हादरा मागाहून येतो आणि काचा तोंडावर फुटतात. वायुगळती असेल आणि तुम्ही घरात असाल तर दारं-खिडक्या लावा, एसी आणि किचनचा पंखा बंद करा, फटींना ओले टॉवेल लावा. बाहेर असाल तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, त्याला आडवे निघा. नाका-तोंडावर ओला कपडा धरा.

प्रश्न : सासऱ्यांना सीओपीडी (श्वासनळ्या आकसण्याचा जुनाट आजार) आहे. त्यांना सकाळी फिरायला जाऊ द्यावं का? प्युरिफायर घ्यावा का?
— एक सून, चंद्रपूर

उत्तर : चंद्रपुरात वीजकेंद्र, कोळसाखाणी आणि सिमेंट एकाच खोऱ्यात आहेत. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात शहराला ८३.८८ गुण होते, ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. थंडीत पहाटेची हवा सगळ्यांत वाईट असते, म्हणून फिरणं ऊन तापल्यावर, दहा-अकरानंतर. खिडक्याही त्याच वेळी उघडा.

प्युरिफायर घ्यायचा तर खोली मोजून घ्या. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर तासाला सुमारे १७० घनमीटर क्षमता लागते, आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. खरा हेपा फिल्टर हवा. त्यातून धूळ थांबते, वायू थांबत नाही. त्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छरकॉइल लावू नका. गच्चीवरची राख कोरडी झाडू नका, पाण्याने धुवा. इनहेलर रोजचा रोज द्या आणि तो स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून घेतात का ते पाहा. बोटावरच्या ऑक्सिजन मीटरचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. तो तीन-चारने उतरला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा वाक्य पूर्ण बोलताना धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, दुसऱ्या सकाळची वाट पाहू नका.