परत यायचंय, पण मन धजत नाही

प्रश्न : ताई, मी मूळचा बेळगावच्या वडगावचा. डिप्लोमा करून २०१३ ला पुण्याला आलो, आता चाकणला एका मोठ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. बायको इथंच एका दवाखान्यात कामाला, मुलगी दुसरीत. वडील गेल्या वर्षी वारले, आई घरात एकटी. ती कधी ये म्हणत नाही, फोनवर फक्त "जेवलास काय" विचारते. इथं आपल्याकडचे पुष्कळ आहेत, सगळे परत जाऊया म्हणतात आणि कोण जात नाही. माणसं गाव का सोडतात आणि परत का येतात? तुम्ही स्वतः परत आलात म्हणून विचारतो, मी यावं काय?
– एक वाचक, सध्या भोसरी

उत्तर : भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "जेवलास काय" पाशी थांबले. वयानं मोठी आहे, तेव्हा अरे-तुरेच करते.

सोडायचं कारण पगार तर आहेच, पण आपल्याकडं अजून एक आहे. उद्यमबागेत, मच्छेला फौंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकची कामं आहेत, हाताला काम मिळतं की, पण बरेच कारखाने छोटे, मालक आणि दहा-वीस माणसं, पोरगा पाच वर्षांत जिथं पोचतो तिथंच पुढची पंधरा वर्षं राहतो. आणि सरकारी नोकरी म्हटलं की कन्नडचा पेपर आला, मराठी शाळेत शिकलेलं पोरगं तिथं अडतं. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलो, तेव्हापासून घरात बोलायची भाषा एक आणि कचेरीच्या कागदाची दुसरी. मग पोरं रात्रीच्या गाडीत बसतात आणि सकाळी पुण्यात उतरतात, तिथं निदान अर्ज तरी आपल्या भाषेत लिहिता येतो. (आपण "करतोय" ऐवजी "करूलालोय" म्हटलं की तिथंही हसतात, त्याचं मला अजून वाईट वाटतं.)

परत येण्याचं म्हणशील तर लोक मातीची ओढ वगैरे सांगतात, मला ते पुरेसं वाटत नाही. माझे मामा मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर आले ते काम गेलं म्हणून. मी ठाण्याहून आले ते सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत कितीतरी पोरं आली, वर्षभरात बहुतेक परत गेली, कारण घर होतं, आई होती, पण सकाळी डबा घेऊन निघायला जागा नव्हती. जे राहिले त्यांना ती जागा मिळाली. मीसुद्धा पहिली दोन वर्षं नुसती खिडकीत बसून काढली, शिकवण्या सुरू केल्या तेव्हा कुठं हे गाव पुन्हा माझं झालं.

म्हणून आईच्या काळजीनं ये, पण नुसत्या काळजीवर येऊ नको. पगार कमी होणार, भाडं वाचणार, त्याचा हिशेब कागदावर मांड. मोठ्या कंपनीत इतकी वर्षं क्वालिटी बघितलेला माणूस इथल्या फौंड्रीवाल्याला लागतो, राजीनामा देण्याआधी दोन-चार मालकांना जाऊन भेट.

मुलीचं मात्र लांबवू नको. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकावंच लागतं, सीबीएसई असली तरी. दुसरीतली पोर खेळता खेळता शिकते, आठवीतल्या पोरीला ते जड जातं. आणि आपल्या पोरांना कन्नडच्या पेपरात जी अडचण येते ती तिला येणार नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

गाडी एमएच १४ ची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) काढूनच आण, बारा महिन्यांच्या वर इथं ठेवलीस तर केए २२ (बेळगावचा नंबर) करून घ्यावी लागते, इथला टॅक्स भरावा लागतो. तिकडं भरलेल्यातला उरलेला परत मिळतो, त्यासाठी अर्ज कर.

एक गोष्ट खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात बायकोचं मत एका ओळीत पण नाही. तिची नोकरी सुटणार आहे, सासूजवळ दिवसभर तीच असणार आहे. तिला आधी विचार, आईला नंतर.

आणि बघायला येशील तर गणपतीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथाला येऊ नको, तेव्हा बेळगाव सगळ्यांनाच आवडतं. जुलैत ये, पाऊस लागलेला असतो, कपडे वाळत नाहीत, लाईट जाते. आठ-दहा दिवस तिघंही राहा, आईच्या हातचं जेवा, आणि काय ठरलं ते मला कळव.