आधी मुंढा बघा, मग रंग

प्रश्न: ताई, माझं वय 51. नोकरी करते, अधूनमधून चार लोकांसमोर उभं राहून बोलावं लागतं. वजनाचा काटा फारसा हललेला नाही, पण अंगाचा आकारच बदलला. जुने कपडे पोटावर आवळतात, मोठं माप घेतलं की खांदे उतरतात. दुकानात एका बाजूला मुलीच्या वयाचे कपडे, खांद्याला भोकं पाडलेले, बेंबीच्या वर संपणारे. दुसऱ्या बाजूला मातकट रंगाचे, बारीक फुलांचे नुसते तंबू. मधलं काही नाहीच! जाऊबाई म्हणतात, ‘आता वयाप्रमाणे घाल.’ मुलगी म्हणते, ‘आई, आजीसारखी दिसतेस.’ मी नक्की घालू तरी काय?

उत्तर: जाऊबाई आणि मुलगी दोघींनाही जरा बाहेर थांबवा. ट्रायल रूममध्ये आपण दोघीच जाऊ.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मधलं आहे: मोठं माप घेतलं की खांदे उतरतात. कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी माझी निम्मी हयात गेली, म्हणून हे कसं घडतं ते सांगते. नमुन्याचा कपडा एकाच मापात शिवतात आणि तो एका मुलीच्या अंगावर घालून बघतात. ती बहुतेक वेळा विशीतली, ताठ पाठीची, सपाट पोटाची. तिच्या अंगावर पसंत पडला की त्याच्या कापणीच्या कागदी नमुन्यावरून बाकीची मापं निघतात. प्रत्येक मापाला छाती, कंबर, नितंब ठरावीक सेंटीमीटरने वाढवायचे, सोबत खांदा, गळा आणि बाहीही थोडी थोडी वाढवायची. आता पाळी जाण्याच्या सुमारास आपल्या अंगाचं काय होतं? इस्ट्रोजेन उतरतं, मांड्यांवर साठणारी चरबी पोटावर साठायला लागते, स्नायू कमी होतात, छाती खाली येते, पाठ किंचित वाकते. खांद्याचं हाड मात्र जिथल्या तिथे. तुम्हाला कापड हवं असतं फक्त पोटाला, आणि मोठं माप ते गळ्यापासून मनगटापर्यंत सगळीकडे देतं. यात तुमच्या वयाचा दोष नाही, तुमच्या निवडीचा तर नाहीच नाही.

लेबलवरच्या आकड्याचंही असंच. अमेरिकेच्या शेती खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची मापं घेतली, त्यावरून 1958 मध्ये तिथे तयार कपड्यांच्या मापांचं प्रमाण ठरलं. कंपन्यांनी ते कधी मनापासून पाळलं नाही, आणि 1983 मध्ये ते मागेच घेतलं गेलं. आज एका कंपनीचं ‘एम’ दुसरीच्या ‘एल’पेक्षा ऐसपैस निघतं. एक्सएल बसलं तर एक्सएल घ्या. लेबल डोळ्यांत खुपत असेल तर घरी येऊन कात्रीने कापून टाका. बायका त्या आकड्यापायी चांगला कपडा परत ठेवतात हे बघून माझा जीव जळतो.

आता आरशासमोर उभ्या राहा. रंग नंतर. आधी खांदा. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी. मुद्दामच उतरत्या खांद्याची फॅशन असेल तर गोष्ट वेगळी, पण एरवी शिवण दंडावर लोंबत असली की तो कपडा मोठ्या बहिणीचा वाटतो.

मग मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोलाई. मला विचाराल तर वयस्क दिसण्याचं खरं मूळ इथे आहे, पांढऱ्या केसांत नाही. खोल मुंढा म्हणजे आराम, असं आपण धरून चालतो. होतं उलटं. मुंढा खाली असला की हात उचलताच अख्खा कपडा वर ओढला जातो. काखेशी, पण न काचता, बसलेला मुंढा हाताला मोकळं सोडतो आणि कपडा जागेवर राहतो. वरच्या कप्प्यातली फाईल काढता तसा हात वर करा. खालची कड दोन-तीन बोटं वर गेली तर चालेल, वीतभर गेली तर कपडा परत. तयार ‘ढगळ’ कपड्यांचे मुंढे हमखास खोल असतात, कारण एकाच कागदी नमुन्यात जास्तीत जास्त अंगं बसवायची असतात. म्हणून त्या तंबूंमध्ये बाई दिवसभर कपडा खाली ओढत राहते, आणि तो ओढण्याचा चाळाच तिला अवघडलेली दाखवतो.

तिसरं, छातीचे टक्स, म्हणजे कापडाला छातीचा आकार देण्यासाठी दुमडून शिवलेल्या निमुळत्या टिपा. टक्साचं टोक छातीच्या उंच भागाकडे रोखलेलं आणि त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर अलीकडे थांबलेलं हवं. तयार कपड्यात ते विशीच्या छातीसाठी वर मारलेलं असतं. पन्नाशीत टोकाशी चुण्या पडतात आणि खाली पोकळ झोळ येतो. शिंपी टक्स उसवून खाली घेऊ शकतो, पण जुन्या टिपेची भोकं पातळ कापडावर दिसत राहतात, हे आधीच माहीत असू द्या. त्याही आधी ब्रा बघा. वजन पेलायचं असतं ते छातीखालच्या पट्ट्याने, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. खांद्यावर वळ उठत असतील तर खालचा पट्टा सैल झालाय. तो नीट बसला की निम्म्या टक्सांची तक्रार आपोआप मिटते आणि शिंप्याकडची फेरी वाचते.

शेवटी आरशाकडे बाजू करून उभ्या राहा आणि कुशीची शिवण बघा. ती सरळ खाली पडायला हवी. पुढे ओढली गेली असेल तर पोटाला कापड कमी पडतंय. कॉलर मानेपासून सुटत असेल आणि मागची कड वर जात असेल तर पाठीला कमी पडतंय. अशा वेळी मोठं माप मागू नका, वेगळा कट मागा: खाली घेर वाढत जाणारा, किंवा कुर्ता असेल तर चीर पोटाच्या रुंद भागापासूनच सुरू होणारा.

विकत घेताना कपडा उलटा करून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, चाचपा. कुशीला बोटभर माया असेल तर खांद्याच्या मापाने घ्या आणि पोटावर सोडवून घ्या. शिवणीलगत ओव्हरलॉक मारून कापून टाकलेलं असेल तर सोडवायला काही उरलेलं नाही. मग पोटाच्या मापाने घेऊन बाकीचं आवळावं लागेल. कुशी, लांबी, बाहीची लांबी हे कोणताही बरा शिंपी करतो. खांदा मात्र बाही उसवून, मुंढा नव्याने कापून करावा लागतो. तो कपडा फारच आवडला असेल तरच त्या फंदात पडा.

कापडाबद्दल एकच आग्रह: थोडं वजन असलेलं घ्या. पातळ, अंगाला चिकटणारं होजियरी कापड आतली प्रत्येक रेघ बाहेर सांगतं. जरा भारदस्त कापड स्वतःच्या वजनाने खाली पडतं आणि पोटाला स्पर्श करून पुढे जातं. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जाकिटांच्या आत, खालच्या कडेला, बारीक साखळी टाचलेली असते ती एवढ्याचसाठी. आणि जाऊबाईंना सांगायला हरकत नाही, की ती कंपनी काढणाऱ्या कोको शनेलने बंद पडलेलं आपलं दालन 1954 मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा ती 70 वर्षांची होती. बायकांना हात हलवता येतील अशी जाकिटं तिने त्या वयात करून विकली.

राहता राहिले तंबू. सैल कपडा छातीच्या सर्वात पुढच्या बिंदूवरून सरळ खाली लोंबतो, त्यामुळे खालचं सगळं अंग तेवढंच रुंद दिसतं. सैल आवडत असेल तर जरूर घाला, फक्त खांदे नेटके ठेवा आणि मनगट किंवा घोटा उघडा राहू द्या. बाही जिथे संपते तिथे एक आडवी रेघ पडते. ती छातीच्या पातळीवर नको, कोपराच्या खाली न्या. मुलीच्या रॅकवरही बिनधास्त हात घाला. तिथले शर्ट आणि सरळ पॅन्ट अनेकदा चांगल्या कापलेल्या असतात. खांद्याची भोकं तेवढी तिलाच राहू देत.

प्रश्न: मी 46 वर्षांची आहे. दंड थोडे लोंबतात. बिनबाह्यांचं घालणं आता सोडावं का?

उत्तर: नाही.

पण बिनबाह्यांच्या कपड्याचा मुंढा बाहीच्या कपड्यापेक्षा वर आणि काखेला जवळ लागतो. तसा नसला की काखेशी कापड अंगापासून सुटतं, ब्राची पट्टी डोकावते, आणि आपण समजतो की दोष दंडाचा आहे. म्हणूनच जुन्या कुर्त्याच्या बाह्या कापून ‘स्लीव्हलेस करून टाकू’ हा उद्योग नेहमी फसतो: मुंढा बाहीसाठी कापलेला असतो. शिवून घेत असाल तर कड खांद्याच्या हाडाच्या किंचित बाहेर ठेवायला सांगा. खांद्याच्या आत शिरणारी कड दंडाला अजून रुंद करते. बघणाऱ्यांना दंड दिसले तर दिसू देत, हात तुमचेच आहेत.

प्रश्न: वय 49. अचानक अंगातून वाफा येतात, दोन मिनिटांत घामाघूम. मीटिंगमध्ये काखेचे डाग सगळ्यांना दिसतात. काळा रंग सोडून काही उपाय?

उत्तर: आहे, आणि तो आतल्या लेबलवर लिहिलेला असतो. ठरावीक हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो, लिनन 12, व्हिस्कोस 13, लोकर 16. पॉलिस्टर? 0.4. खेळाडूंचं पॉलिस्टर खास विणीचं असतं, ते घाम पसरवून वाळवतं. ऑफिसच्या गुळगुळीत ब्लाऊजला तो गुण नसतो.

फसगत होते ती अस्तरात. बाहेरून छान लिननचं जाकीट, आतून पॉलिस्टरचं अस्तर, म्हणजे लिननचे पैसे पाण्यात. अस्तराचं लेबल वेगळं वाचा, किंवा बिनअस्तराचं घ्या. व्हिस्कोस थंड वाटतं, पण ओलं असताना कमजोर होतं आणि आटतं, तेव्हा गरम पाण्यात टाकू नका आणि लांबीला थोडं जास्तच घ्या. आत सुती बिनबाह्यांचा टॉप आणि वर उघडं राहणारं, एका झटक्यात काढता येणारं काहीतरी, अशी जोडी ठेवा. डोक्यातून काढावं लागणारं स्वेटर तुमच्या कामाचं नाही. डाग सर्वात उठून दिसतात ते फिकट राखाडीवर आणि आकाशी निळ्यावर. पांढरा, गडद निळा आणि दाट छापील कापड घाम पोटात घालतं.

प्रश्न: मी 28 वर्षांची. आई 73 वर्षांची आहे, एक खांदा आखडलाय. तिला नवे कपडे घ्यायचेत, पण मी आणलेलं सगळं ती ‘छान आहे’ म्हणून कपाटात ठेवते. काय आणू?

उत्तर: आणू नकोस, तिला घेऊन जा. आणि रंग तिला निवडू दे. म्हातारपण आलं की आपण आईला फिकट गुलाबी आणि बदामी रंगांत गुंडाळायला लागतो, आणि तिला कुणी विचारत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2005 मध्ये आयरिस ॲपफेल या हौशी, भडक पेहरावासाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन बाईच्या स्वतःच्या कपाटातल्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ती 84 वर्षांची होती. तिथे बदामी रंग शोधावा लागला असता.

तू लक्ष दे ते घालण्या-काढण्याकडे. पुढून पूर्ण उघडणारा कपडा बघ, पाठीवर हुक किंवा चेन नको. बटणं मोठी, जाड आणि काज सैल. दुखरा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी बाहेर काढायचा; त्यामुळे बाही वरच्या बाजूला रुंद हवी, पण मुंढा खोल नको, कारण वर लिहिलंय तसं खोल मुंढा हात अडवतो. बाहीखाली काखेत चौकोनी तुकडा, म्हणजे बगल, जोडून घेतली तर दोन्ही साधतं. जुन्या शिंप्यांना हे काम अजून येतं, नवा शिंपी नाक मुरडेल.

कपडा तिला बसवून बघ, कारण ती दिवसाचा बराच वेळ बसलेली असते. बसल्यावर पुढचं कापड मांडीवर गोळा होतं आणि मागचं वर सरकतं. मागची लांबी थोडी जास्त ठेवली की पाठ उघडी पडत नाही. पॅन्टला इलास्टिक चालेल, पण रुंद आणि मागच्याच बाजूला, पुढे सपाट पट्टी. ‘छान आहे’ म्हणाली की लगेच विचार, ‘उद्या घालशील?’ अडखळली तर ते परत ठेव.

आणि खिसे. दोन्ही बाजूंना, चष्मा आडवा मावेल एवढे.